प्लेटांना ऊन लागू नये म्हणून

आमच्या घराण्यात शहाण्यांचा तुटवडा नाही. नात मुबशिरा बारामतीला इंजिनिअर झाली आणि पुण्यात सोलरच्या संशोधनाला लागली, तेव्हा सगळे शहाणे माझ्याच ओट्यावर गोळा झाले.

"उन्हाचं कसलं संशोधन, अम्मा?" माझा धाकटा, अफजल, म्हणाला. "आपण जन्मभर उन्हातच हाय की."

"म्हणून तर तुझं डोकं भाजलंय," मी म्हटलं.

पोरगी मात्र चिवट. सणसरच्या आमच्या वांग्याच्या रानात तिनं उंच लोखंडी खांबांवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. वर वीज, खाली वांगी आणि त्याच विजेवर विहिरीची मोटर. बांधावर बसून ती मोजमापं घ्यायची आणि येणारा-जाणारा विचारायचा, "लग्नाचं काय?" जसा काही त्या प्लेटांखाली नवरा उगवणार होता!

शेवटी तिचं काम तपासायला पुण्याहून कमिटी यायची ठरली. त्यांच्यासमोर मोटर चालली तर काम पुढं चालू, तेही मुबशिराच्याच हाताखाली. नाही चालली तर प्लेटा उतरवायच्या आणि पोरीनं दुसरी नोकरी धुंडायची.

अफजलचं निमगाव केतकीला मांडवाचं दुकान आहे. पुतणीचं कौतुक त्याच्या अंगात आलं. मुबशिरा कमिटीला आणायला बारामतीला गेलेली, मी घरी मटणाच्या पातेल्यापाशी, तेवढ्यात ह्यानं अख्खं रान झाकलं. मी शेतावर पोचले तर प्लेटांच्याही वर दुहेरी कापड, झालरी, खाली स्टेज आणि मखमली खुर्च्या. पुढं सरपंच गोकुळरावांचा फ्लेक्स. त्यात ते हत्तीएवढे आणि माझी नात कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी.

"बघ अम्मा," अफजल छाती काढून म्हणाला, "पाव्हण्यांना तर न्हायच, मुबशिराच्या महागाच्या प्लेटांनाबी ऊन लागणार न्हाय!"

या अल्ला! मी तोंड उघडणार तोवर गाडी आलीच. मुबशिरा उतरली, वर बघितलं आणि जागेवरच थांबली.

"चाचा, मांडव काढा."

"अगं, फुकट घातलाय!"

"फुकट घातलाय तर फुकट काढा."

"आधी नारळ," गोकुळराव म्हणाले. नारळ फुटला, शाली झाल्या, भाषण झालं. बटण दाबायचा मान अर्थातच गोकुळरावांचा. दाबलं. मोटर गप्प. परत दाबलं. पाइपातनं एक बेडूक बाहेर आला, त्यानं कमिटीकडं बघितलं आणि परत आत गेला.

"बायकांच्या हातचं काम," गोकुळराव माइकवरच म्हणाले. "ऱ्हायली आसंल एखादी वायर. आरं, वायरमनला फोन लावा!"

"वायर न्हाय ऱ्हायली. ऊन अडलंय," मुबशिरा म्हणाली. पण माइक तिच्या हातात नव्हता, मग ऐकतंय कोण?

कमिटीच्या मुख्य बाई घाम पुसत उठल्या. "पुन्हा कधीतरी येऊ." पुन्हा कधीतरी म्हणजे कधीच नाही, एवढं मला शाळा न शिकताही कळतं.

मग मुबशिरानं कुणाला विचारलंच नाही. ओढणी कमरेला खोचली आणि बांबूची गाठ धरली. पण अफजलच्या गाठी सुटतात होय! एखादं लग्न मोडेल, त्याचा मांडव हलायचा नाही.

"अफजल!" मी ओरडले. "तुझी गाठ तू सोड, न्हायतर ह्याच कापडात तुला गुंडाळते!"

त्याची मांजर झाली. दोरी सुटली, तसं कापड थेट स्टेजवर आलं आणि गोकुळराव मखमली खुर्चीसकट गुडुप. प्लेटांवर लख्ख ऊन पडलं. ह्या वेळी बटण मुबशिरानं दाबलं. मोटर गुरगुरली आणि पाणी उसळलं, ते पाटातनं धावत बाईंच्या चपलांपर्यंत.

बाई तशाच उन्हात उभ्या राहिल्या. "मांडवाखाली किती वीज मिळत होती?"

गोकुळरावांचं भाषण चालू असताना पोरीनं मीटर बघून ठेवला होता. तिनं आकडा सांगितला.

"हेही अहवालात घाला," बाई हसून म्हणाल्या. "तुमचं काम चालू ठेवा."

पेपरात फोटो मात्र गोकुळरावांचा आला, बटण दाबताना. त्यांचा फ्लेक्स मी कडब्यावर टाकलाय. गावाच्या कामाला ते पहिल्यांदाच आले.

काल ते स्वतः ओट्यावर हजर. "चाची, माझ्याबी विहिरीवर प्लेटा बसवा म्हनावं मुबशिराला. फकस्त चिंचंखाली. उन्हानं खराब हुतील."

मुबशिरा आतनंच म्हणाली, "बसवते की, आबा. वायरमनला विचारून घ्या, ऊन कुठनं येतंय ते."