भिंतीवरचा रेडिएटर

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे आणि सध्या एका गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला जपलं ते या गॅरेजच्या मेकॅनिकने. त्याच्या पेट्रोलच्या गाडीत मी इंजिन गार ठेवायचो. रविवारी तो माझ्या वाकलेल्या पात्या सुईने एकेक करून सरळ करायचा. इतका जीव मला दुसऱ्या कुणी लावला नाही.

पुढे इंजिनाने मान टाकली. मेकॅनिकच्या मुलीने त्याच गाडीत विजेची मोटर बसवायला घेतली. आता आपण भंगारात, असं मी धरूनच चाललो होतो. पण ती मला थोपटून म्हणाली, "मोटर तापते, आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर तर त्याहून नाजूक. तू हवास मला." मी फुशारलो. पाणी आधी कंट्रोलरला, मग मोटरीला, मग माझ्याकडे, असा रस्ता तिने आखला. मध्ये हवा अडकू नये म्हणून पाण्याची बाटली सगळ्यात उंच बसवली. मग माझ्या दोन्ही नळ्यांवर तळहात ठेवून बघायची. एक गरम, एक गार लागली की गालातल्या गालात हसायची.

तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. बाप म्हणाला, "ही गाडी टेकडी चढवून दाखव, मग खुशाल जा. नाही चढली तर हे खूळ बंद. इथेच माझ्या हाताखाली राहायचं." तिने शब्द दिला.

टेकडी चढायच्या सकाळी ती चपला घालायला घरात गेली. तेवढ्यात तो वाकला आणि माझ्या खालच्या नळीची क्लिप ढिली केली. तीच हलकी बोटं होती. मला आधी वाटलं, पात्या साफ करतोय.

अर्ध्या टेकडीवर नळी सुटली. माझं पाणी रस्त्यावर सांडलं आणि कंट्रोलर जळाला. ती बॉनेट उघडून क्लिपकडे बघत राहिली.

"माझ्याकडूनच आवळायची राहिली, बाबा."

"होतं असं," तो म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मला ओरडावंसं वाटलं. पण रेडिएटरला तोंड असतं ते फक्त पाणी भरायला.

दिल्या शब्दाला जागून ती नोकरीवर गेली नाही. तिच्या लक्षात राहावं म्हणून त्याने मला इथे टांगलं. आता ती दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या क्लिपा आवळते, आवळलेल्या पुन्हा आवळून बघते. तो कौतुकाने सांगतो, "पोरीचा हात पक्का आहे. आयुष्यात एकदाच चुकली." ती मान खाली घालते. रविवारी तो अजूनही माझ्या पात्या सरळ करतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. मी सांगणार नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला भंगारात द्या, वितळवा. फक्त भिंतीवर टांगू नका. इथून ती रोज दिसते.