सुएझच्या काठावर वाळत घातलेलं लुगडं

मित्रांनो, मी एक जुनी शहापुरी साडी आहे. दुकानात मला साडी म्हणतात, घरात लुगडं म्हणतात, आणि आता म्हातारपणी 'ते फडकं कुठं ठेवलंय गं' असंही कानावर येतं. मी मनाला लावून घेत नाही. या फडक्याने सुएझचा कालवा पाहिला आहे. आमच्या गल्लीतल्या किती जरीच्या साड्यांनी तो पाहिला असेल, तुम्हीच सांगा.

माझा जन्म बेळगावला लागून असलेल्या शहापुरात, अंबाजींच्या मागावर झाला. मागापुढच्या खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे आणि धोटा इकडून तिकडे पळवायचे. मी रंगाने हिरवीगार, काठ तांबडे. बेळगावातल्या एका वकिलाच्या घरी लग्न होतं आणि त्यासाठीच व्यापाऱ्याने मला विणायला सांगितलं होतं. त्यामुळे मी अर्धी विणून होण्याआधीच स्वतःला मोठी समजू लागले होते. मांडवात बायका माझा पदर हातात घेऊन बघणार, अशी माझी स्वप्नं चालली होती.

पण मी अर्धी झाले त्याच दिवशी आतल्या खोलीत अंबाजींच्या बायकोला, जयाबाईला, कळा सुरू झाल्या. सुईणीने दार लावून घेतलं. अशा वेळी घरातल्या पुरुषाचा काही उपयोग नसतो. अंबाजी दोनदा उठले, दोनदा बसले आणि शेवटी मनाला विरंगुळा म्हणून माझ्यासमोरच येऊन विणू लागले. हात मागावर, डोळे दारावर. धोट्यातली सुताची कांडी संपली, तेव्हा त्यांनी न बघताच टोपलीत हात घातला आणि हाताला आली ती कांडी धोट्यात भरली. ती काठाच्या जाड तांबड्या सुताची होती. मी ओरडून सांगणार तरी कशी? माझ्या हिरव्या पोटावर तांबडं सूत भराभर चढत गेलं.

मग आत बाळ रडलं. सुईणीने दार उघडून सांगितलं, "अंबाजी, पोरगा झाला. जयी बरी हाय." अंबाजी हसले, त्यांनी डोळे पुसले आणि मग खाली पाहिलं. माझ्या मधोमध वीतभर रुंद तांबडा पट्टा पडला होता.

असा पट्टा उसवता येतो. वेळखाऊ काम आहे, पण विणकर ते करतात. अंबाजींनीही उसवायला हात पुढे नेला आणि तिथेच थांबवला. ते आपल्याशीच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्यो पोराचा जलम हाय. उसवू कसा?" पुढे त्यांनी पुन्हा हिरवी कांडी भरली आणि मला पुरी केली.

व्यापाऱ्याने मला उलगडून पाहिलं आणि तसंच गुंडाळून परत दिलं. वकिलाच्या घरी दुसरी गेली. खरं सांगते, मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण विणकराच्या घरची रीतच अशी असते. चांगलं ते सगळं बाजारात जातं आणि फसलेलं तेवढं घरातल्या बायका नेसतात. तशी मी जयाबाईच्या वाट्याला आले. ती मला नेसून विहिरीवर गेली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "जयाबाई, पोटावर हे काय गं मधीच?" कोणी तरी विचारायचीच. जयाबाई घागर डोक्यावर घेत शांतपणे म्हणायची, "ह्यो माझा परसू हाय." त्या एका उत्तरावर मी वकिलाचा मांडव विसरून गेले.

परसू म्हणजे त्या दिवशी जन्मलेला मुलगा. त्याच्या आधीचा भरमू. नऊवारी लुगडं धुतल्यावर ते काही दोरीवर मावत नाही. आमच्या गल्लीत दोघांनी दोन टोकं धरून उन्हात उभं राहायचं आणि लुगडं वाळवायचं. माझा पदर भरमूच्या हातात आणि दुसरं टोक परसूच्या. परसू भारी खोडकर. तो मुद्दाम हात सोडायचा, मी धुळीत लोळायची आणि भरमू म्हणायचा, "परश्या, आईचं लुगडं हाय ते. नीट धर." मग दोघं मला पुन्हा धुवायचे. त्या पोरांपायी मी वाजवीपेक्षा जास्तच धुतली गेले, पण मला त्यांचा राग कधी आला नाही.

वर्षं गेली. अंबाजी वारले. माग भरमूने सांभाळला. मग ते मोठं युद्ध सुरू झालं आणि बाजारात सूत मिळेनासं झालं. शहापुरातले माग एकेक करून गप्प झाले. भरमू बेळगावच्या कॅम्पात जाऊन पलटणीत भरती झाला आणि पुढल्या साली परसूही गेला. निघताना जयाबाईने मला घडी घालून परसूच्या पिशवीत कोंबलं. "परमुलखात अंगाखाली घे," ती म्हणाली. "आईच्या लुगड्यावर झोप लागती." परसू पुरुषासारखा पुरुष, पण आई मला पिशवीत घालताना त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

अशी मी मिसर देशात पोचले. परसूला सुएझ गावाजवळच्या छावणीत कोठाराच्या पहाऱ्यावर ठेवलं होतं. सोबतीचे जवान त्याला चिडवायचे, की अजून आईच्या लुगड्यात झोपतोस काय रं. तो म्हणायचा, "व्हय, झोपतो की." आणि खरोखरच सुखाने झोपायचा.

आता त्या कालव्याचं सांगते. दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि मधून पाण्याची पट्टी. पाणी दुरून दिसतच नाही, त्यामुळे एवढालं जहाज वाळूतूनच चाललंय असं वाटतं. काठावर एका जागी लाकडी खांबांवर उंच सज्जा बांधलेला होता. जहाजं बघायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी तो होता. वर बाकं होती, कठड्याला एक दुर्बीण बसवलेली होती आणि अब्दूचाचा नावाचा म्हातारा तिथे लोकांना चहा द्यायचा. आमच्या जवानांकडून तो मोडकी हिंदुस्थानी शिकला होता. सुट्टीच्या दिवशी परसू तिथे जायचा. बाकावर अंथरायला मला घेऊन जायचा, म्हणून मीही गेले. त्या सज्ज्याखालून जहाजं इतक्या जवळून जायची, की डेकवरच्या माणसाने दाढी केली आहे की नाही ते कळावं. परसू प्रत्येक जहाजाकडे बघत म्हणायचा, "ह्यातनं एक दिवस अण्णा येईल." अण्णा म्हणजे भरमू. तो इटलीत लढत होता.

एके दिवशी बेळगावजवळच्या मच्छे गावचे हवालदार मारुतीराव छावणीत आले. हात गळ्यात बांधलेला. ते भरमूच्या शेजारच्या खाटेवर दवाखान्यात पडले होते. परसूला बाजूला घेऊन ते म्हणाले, "परसू, तुझा भाऊ जित्ता हाय. डोक्याला लागलंय. उद्या जखमींचं पांढरं जहाज हितनं मुंबैला जाणार, त्यात हाय त्यो. पर एक सांगतो. त्यो घराकडं येणार न्हाय म्हणतो."

"का?"

"म्हणतो, माझा घरला काय उपेग? मुंबैत उतरून कुठंबी पडून ऱ्हाईन, पर आईला तोंड दावणार न्हाय. त्येच्या पोटात काय हाय ते मला सांगिटलं न्हाय त्येनं."

त्या दिवशी परसू जेवला नाही. जखमींच्या जहाजावर त्याला कोण चढू देणार? आणि ते इथे थांबणारही नव्हतं. मुंबईच्या गर्दीत एकदा का भरमू हरवला, की शहापूरला त्याची खबर येणार नव्हती. वाट बघून बघून जयाबाई वाळून जाईल, हे परसूला आणि मला दोघांनाही दिसत होतं. परसूने मला उचललं आणि माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "अण्णानं तुला बघितलं तर घराकडं वळल्याबिगर ऱ्हाणार न्हाय." एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कोणी टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सज्ज्यावर गेलो. परसू मला कठड्यावरून सोडायला लागला, तोच खालून पहाऱ्यावरचा गोरा शिपाई ओरडला. लढाईचे दिवस होते. काठावरून जहाजाला कापड दाखवायला सक्त मनाई होती. परसूने मला मागे ओढलं. तेवढ्यात दूर वाळूवर पांढरं जहाज दिसू लागलं.

अब्दूचाचाने एकदा परसूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहाच्या पाण्याची बादली उचलून सगळी माझ्यावर ओतली. मी चिंब झाले. परसू बघतच राहिला. म्हातारा म्हणाला, "इशारा मना. कपडा सुखाना मना नही." आणि त्याने माझा पदर हातात धरला. परसूला उमगलं. त्याने दुसरं टोक धरलं. सज्ज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी ताणली गेले, अगदी शहापुरातल्या गल्लीत ताणली जायची तशी. गोरा शिपाई वर आला, म्हाताऱ्याने त्याला माझ्यातून गळणारं पाणी दाखवलं. शिपायाने मान हलवली आणि चहा मागितला. म्हाताऱ्याने तोंडानेच सांगितलं, थांब, आधी कपडा वाळू दे.

जहाज जवळ आलं. डेकवर खुर्च्या टाकून जखमी जवान बसले होते. परसू एकेक चेहरा बघत होता आणि मग त्याला भरमू दिसला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली होती. डोक्याला लागलंय एवढंच हवालदार बोलले होते, डोळ्यांचं सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की घरी उपयोग नाही असं तो का म्हणत होता. विणकराच्या घरात डोळ्यांवाचून माणूस काय करणार, असं त्याला वाटलं असणार. आणि माझं तरी काय? मी केवढी हिरवी, माझा पट्टा केवढा तांबडा, पण बघणाराच नव्हता. परसूने "अण्णा" म्हणून हाका मारल्या. वारा उलटा होता आणि यंत्रांची घरघर मोठी. भरमूने मान वळवली नाही. परसूचे हात खाली येऊ लागले, पण पलीकडे म्हाताऱ्याने पदर घट्ट धरला होता, म्हणून परसूनेही मला सोडलं नाही. जहाज दिसेनासं होईपर्यंत मी तशीच उभी होते. मग परसूने मला तोंडाशी धरलं आणि तो रडला. मी वाळत आले होते, ती पुन्हा ओली झाले.

लढाई संपली. छावणीतून मुक्काम हलले, तसा परसूही हलला, घरचं पत्र काही त्याला गाठू शकलं नाही, आणि बऱ्याच महिन्यांनी सुट्टी घेऊन शहापूरला आला. गल्लीत शिरताना त्याचं पाऊल जड झालं होतं. आईला काय सांगायचं, हेच त्याला सुचत नव्हतं. आणि घराच्या सोप्यावर भरमू बसला होता. पाय पसरून, चरख्यावर कांड्या भरत.

परसू दारातच थबकला. भरमूने कान टवकारले आणि म्हणाला, "परश्या, लुगडं आणलंस न्हवं?"

परसूने मला त्याच्या मांडीवर ठेवलं. भरमूच्या डोळ्यांवर आता पट्टी नव्हती, पण दिसतही नव्हतं. त्याने माझी घडी मोडली आणि बोटं काठाने चालवत नेली. मधोमध आल्यावर बोटं थांबली. तांबडं सूत जाड होतं ना, ते हाताला लागलं. "हितनं तू सुरू झालास," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. जहाजावर त्याच्या शेजारी निपाणीकडचा एक जवान बसला होता. तो हसत म्हणाला होता, "वर कोण येडा बाईचं लुगडं वाळवत हुबा हाय बघ. हिरवंगार लुगडं, अन् मधीच तांबडा पट्टा. विणणाऱ्यानं पार चुकवलंय."

"मग? तू काय म्हणालास?" परसूने विचारलं.

"काय बोलणार? मान फिरवली असती तर रडलो असतो सगळ्यांम्होरं." भरमू माझ्यावरून हात फिरवत राहिला. "पर मुंबैपातूर त्येच डोस्क्यात हुतं. आपल्या आप्पाला चांगलं डोळं हुतं, तरी मागावर त्येची चूक झाली. आन् आईनं ती चूक जलमभर अंगावर मिरवली. मग डोळं गेलेल्या पोराला ती घरात घेणार न्हाय व्हय? मुंबैत उतरलो आन् बेळगावच्या गाडीची वाट विचारली."

चुलीपाशी बसलेली जयाबाई उठून बाहेर आली. तिने मला भरमूच्या मांडीवरून उचललं. एक टोक भरमूच्या हातात दिलं, एक परसूच्या हातात आणि म्हणाली, "परमुलखाची धूळ लई बसलीया. धुवून आणा, आन् नीट धरा."

आता सत्तेचाळीस साल चालू आहे. मी फार विरले आहे. नेसण्याजोगी राहिले नाही, म्हणून परसूच्या बायकोने, मालूने, माझी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेतली आहे. तिला दिवस गेले आहेत. काल तिने कात्री हातात घेतली आणि फसलेला पट्टा तेवढा काढून टाकू का, असं सासूला विचारलं. माझा जीव टांगणीला लागला. पण जयाबाईच्या आधी भरमूच बोलला. "त्यो काढू नगंस, आतबी घालू नगंस, मालू. वरच्या अंगाला घे. पोरगं मांडीवर घेतलं की माझ्या हाताला घावंल असा."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं फसलेलं, विरलेलं कापड पेटीच्या तळाशी पडलं असेल. ते टाकायला निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, की हे असं कसं झालं. आणि ते सांगू लागले की जरा जवळ बसा. माझी वाकळ उद्या पुरी होईल. तांबडा पट्टा वर आला आहे.