दोन बोटं जास्तीचं कापड

दुपारी मशीनवर बसल्याबसल्या शिंप्याचा डोळा लागायचा आणि बायको समोर येऊन उभी राहायची. माप द्यायला उभं राहावं तशी, हात जरा बाजूला धरून. तो टेप लावायचा. टेप संपायची, पण कंबरेला वेढा काही पुरा व्हायचा नाही. ती मात्र हसत असायची.

जाग आली की त्याला सगळं आठवायचं. गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचं, पुढे मुकाट्याने उसवून द्यायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, ही त्याची रीत. घरातही त्याने तीच चालवली. जिना चढताना तिला दम लागायचा. दोघांनी ते वयावर ढकललं. गेल्या वर्षी भाजी निवडता निवडता तिचं हृदय बंद पडलं.

आज तिचा धाकटा भाऊ पँट घेऊन आला.

"भाऊजी, ही धुण्यात आटली बघा. जरा सैल करा."

"पँट आटली की तू फुगलास?"

"झालं सुरू! ताई गेल्यापासून तुमची जीभ कात्रीच झालीय."

शिंप्याने सवयीने शिवण उसवायला घेतली. यंदाची ही तिसरी खेप. दोन टाके निघाले आणि हात थांबला. दुकानाच्या तीनच पायऱ्या चढून मेहुणा धापा टाकत होता. खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं. त्याचे वडीलही हृदयविकारानेच गेले होते.

"मी सैल करणार नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या ताईचे कपडे नऊ वर्षं सैल केले. एकदाही म्हटलं नाही, जरा दाखवून ये."

"मला काही होत नाही, भाऊजी."

"तीही हेच म्हणायची. चल, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नर्सबाई बीपी बघतात."

"आणि पँट?"

"राहू दे उसवलेली."

नर्सबाईंनी बीपी बघितलं, दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा बघितलं. "जास्तच आहे. आजच डॉक्टरांना भेटा. सिगारेट बंद, मीठ कमी, आणि रोज चालायचं."

मेहुण्याचा चेहरा उतरला. मग तो शिंप्याकडे वळला.

"आता तुमचा हात द्या. मी एकट्यानेच अळणी खायचं काय?"

वर्षभर शिंप्याला जगण्याची फारशी हौस उरली नव्हती.

मग त्याने बाही वर केली.