ठोकलेला नंबर

मामाने मशीनच्या पायावर सणसणीत लाथ मारली आणि मग स्वतःच एका पायावर नाचत सुटला. बिडाचं मशीन ते, त्याला काय होणार!

"हसू नकोस, भोंग्या!" तो कळवळत ओरडला. "शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. मग बघू कोण हसतंय."

भोंगा म्हणजे त्याची दहावीतली भाची. आवाज असा की कारखान्यातली सगळी मशीनं घरघरत असताना ती "आई, जेवायला चल!" म्हणाली की शेजारचे दोन्ही दुकानदार हात धुवायला उठायचे. हीच मुलगी वर्षभरापूर्वी वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा लाजायची. मग तिने याच मशीनवर लाकूड चिरून एक स्टूल बनवलं. स्टूल डगमगलं नाही, आणि त्या दिवसापासून तीही डगमगेनाशी झाली.

"टेम्पो आला तसा रिकामा जाईल," ती म्हणाली.

"आणि मशीन कोण चालवणार, तुझी जीभ?"

मशीन आजोबांच्या वेळचं. जाडजूड बिडाचं टेबल, मधोमध फट, फटीतून डोकावणारं गोल करवतीचं पातं. समोरचं चाक फिरवलं की पातं वर यायचं, उलटं फिरवलं की खाली जायचं. आता मात्र ते रुसलं होतं. चाकाची फिरकी पात्यापर्यंत नेणारा एक दातेरी तुकडा मशीनच्या पोटात असतो. चंद्रकोरीसारखा दिसतो म्हणून कारखान्यात सगळे त्याला 'कोर' म्हणत. त्या कोरीचे दातेच झिजून पडले होते. पातं जेमतेम बोटभर वर येऊन अडून बसलं होतं.

बोटभर पात्याने प्लाय कापता येतो. आईची दारं नाही.

खरं दुखणं तिथे होतं. आई दारं करायची, भरीव लाकडाची. लोक घर बदलायचे तेव्हा दार उखडून सोबत न्यायचे, अशी. मामाचं म्हणणं, दारं पुरे झाली, छोटं नवं मशीन आणू आणि प्लायची कपाटं ठोकू. यावर आई नुसती खाली मान घालून रंधा मारत होती, आणि नेमकं तेच भोंग्याला सोसवत नव्हतं.

"अगं, पार्टच मिळत नाही तर मशीनचं काय लोणचं घालू?" मामा म्हणाला. "दोनदा कोर मागवली. चांगला नंबर बघून मागवली! दोन्ही वेळा भलतीच आली."

"कुठला नंबर?"

"टेबलाखाली आहे तो. डोळे आहेत ना? बघ की."

तिने बघितला. बॅटरी घेऊन मशीनखाली शिरली आणि तो नंबर बघितला. मग चाकावर दुसराच दिसला. पायावर तिसरा! एका माणसाला तीन आडनावं कशी? भुशाने माखलेल्या हातानेच तिने जुन्या मशीनचे पार्ट विकणाऱ्या काकांना फोन लावला. हे काका खेकसण्याबद्दल प्रसिद्ध होते.

"पुन्हा तुम्हीच?" ते खेकसले. "तुझ्या मामाने सांगितलेल्या नंबरचीच कोर पाठवली होती मी."

"काका, इथे तर तीन-तीन नंबर आहेत."

"उठलेले आहेत की ठोकलेले?"

"म्हणजे?"

"बोट फिरव! आकडे बोटाला वर लागतात की खोल?"

तिने बोट फिरवलं. "वर. तिन्ही वर."

"मग ते साच्यांचे नंबर, बाई! ओतारी बीड ओततो तेव्हा प्रत्येक तुकड्याचा साचा वेगळा, नंबर वेगळा. मी माणसाचं नाव विचारलं तर तुझ्या मामाने सदऱ्याचं माप सांगितलं. त्या मापाचा सदरा दुसऱ्याचाही निघतो. मशीनचा खरा नंबर नंतर ठशाने ठोकतात. खोल असतो तो. शोध!"

शोध म्हणे! आजोबा हौसेने दरवर्षी मशीन रंगवायचे. थरावर थर, थरावर थर. ती डोळे मिटून मशीनवरून इंच-इंच बोटं फिरवत राहिली. मामा म्हणाला, "ताई, पोरगी मशीनला मालिश करतेय." करू दे! चाकाच्या जरा वर बोटाला काहीतरी लागलं. खड्डे नाहीत, खड्ड्यांची नुसती शंका. तिने रंग खरवडला, शाळेच्या दप्तरातला खडू काढून त्यावर घासला आणि तळहाताने पुसला. खोल जागी पांढरी भुकटी अडकली आणि एकेक आकडा पांढराशुभ्र हसला.

"सापडलाऽऽ!"

शेजारचे दुकानदार हात धुवायला उठले.

काकांनी नंबर ऐकला आणि पहिल्यांदाच न खेकसता बोलले. हे मॉडेल बंद पडून जमाना झाला. कोर विकत मिळणार नाही, अशाच दुसऱ्या मशीनच्या पोटातून काढावी लागेल. "ओळख सांगतो. टेबलाचे पुढचे दोन्ही कोपरे तिरके छाटलेले. बाकी कुठल्या मशीनचे तसे नसतात."

तिरके कोपरे. तिचं कोपर एकदम शहारलं. दर आठवड्याला गणवेशाची वाट बघताना ती अशाच एका तिरक्या कोपऱ्यावर कोपर टेकून उभी राहायची!

धावतच गेली. इस्त्रीवाल्या काकू चादरीची परीटघडी घालत होत्या.

"काकू, टेबल!"

"टेबलाला हात लावायचा नाही. असं सपाट टेबल दुसरं नाही मिळायचं."

"टेबल तुमचंच. मला फक्त त्याच्या पोटातलं हवंय."

"माझ्या टेबलाला पोट आहे?"

होतं. लोंबणारं कापड वर केलं तर खाली हँगरचा ढीग, ढिगामागे चाक, चाकाला अडकवलेला सुतळीचा गुंडा. नंबरही ठोकलेला, त्याच मॉडेलचा. आणि आत कोळ्यांच्या जाळ्यात दातन् दात शाबूत असलेली कोर.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "तरीच माझ्या चादरींना कायम भुसा कसा लागतो!"

पोट साफ करून द्यायचं, या बोलीवर काकू कबूल झाल्या. बोल्ट मात्र कबूल होईनात. भोंगा पान्याला लोंबकळली, घसरली, हात सोलून घेतला. पुन्हा लोंबकळली.

"बाजूला हो. पाना असा धरतात का?"

दारात आई उभी होती. भोंग्याचा आवाज कारखान्यापर्यंत पोचला होताच. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात पान्याला लावायचा लांब पाइप.

"आई! मामाला काय सांगून आलीस?"

"त्याला कशाला सांगायचं?" आईने बाह्या वर केल्या. "मशीन माझ्या बाबांचं. दारं माझी. ढकल!"

बोल्ट किंचाळला आणि सुटला.

शनिवारी टेम्पो दारात लागला. भंगारवाला दोर सोडवत आत आला, मामा मागोमाग, हात चोळत. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने चाक फिरवलं. पातं वर आलं, बोटभर, मग दोन बोटं, मग वीतभर वाटावं इतकं. तिने चौकटीचं जाड लाकूड टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. पात्याने लाकूड असं चिरलं की भंगारवाल्याच्या हातातला दोर तसाच राहिला.

"ठीक आहे, आज चाललं," मामा पुटपुटला. "उद्या मोडलं म्हणजे?"

"उद्या मोडलं तर पार्ट आणीन," भोंगा म्हणाली. "खरा नंबर आता मला पाठ आहे."

"आणि मी काय रिकाम्या हाताने जाऊ?" भंगारवाला म्हणाला.

"छे!" तिने मामाने मागवलेल्या दोन्ही कोरी त्याच्या हातात ठेवल्या. "हा उठलेल्या नंबरचा माल. न्या."

मामाचा पाय सवयीने मशीनकडे उचलला, पण अंगठा आठवून खाली आला. मग त्याने नंबराजवळची खरवडलेली जागा न्याहाळली आणि मोठेपणाने म्हणाला, "बरं, राहू दे मशीन. इथे फक्त रंगाचा एक हात मारतो..."

"खबरदार!"

शेजारचे दोन्ही दुकानदार हात धुवायला उठले. या खेपेला आवाज आईचा होता.