रवडू

आमच्या संस्थेच्या नऊ शाळा. या नऊही शाळांत प्रत्येक मुलाला एकेक टॅब द्यायचा असं ठरलं आणि ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं फळ्यासमोर काढलेली मी एका पत्रानिशी ‘टॅबबाई’ झाले. हे नाव माझ्या पाठीमागे घेतात, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

पहिले चार महिने मी नुसती धावत होते. कुणाचा पासवर्ड हरवलेला, कुणाचा चार्जर चेपलेला. एका मुख्याध्यापकांनी तर कमालच केली. मुलं फोडतील म्हणून सगळे टॅब कपाटात कुलूपबंद ठेवले आणि रोज सकाळी मोजून परत कुलूप लावायचे! वर मलाच म्हणतात, “बघा, एकालाही ओरखडा नाही.” मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग आवाजाची तक्रार आली. तीस टॅब एकदम बोलायला लागले की वर्गाचा बाजार होतो, म्हणून मी नऊही शाळांतल्या टॅबचे आवाज बंद करून टाकले. आणि एक नियम केला, प्रत्येक वर्गाच्या दारावर लावला: ज्याचा टॅब त्याच्याच हातात. दुसऱ्याच्या टॅबमध्ये वाकून बघायचं नाही, आपला दाखवायचा नाही.

ऑफिसात माझ्याकडे रोज अहवाल यायचा. प्रत्येक मुलाच्या नंबरापुढे एक ठिपका. धडे सोडवले, उत्तरं बरोबर आली तर हिरवा, नाहीतर लाल. नऊ शाळांत लाल ठिपक्यांची नुसती गोवरच उठली होती. फक्त एक वर्ग असा, जिथे एकतीसच्या एकतीस मुलं हिरवी. तो वर्ग माझ्या थोरल्या बहिणीचा.

ताई पाचवीला शिकवते. चौतीस वर्षं झाली, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. “माझ्या वर्गात न वाचणारं मूल नाही,” हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगते. आणि खोटं कुणी म्हणावं? तिच्या वर्गावरून जाताना ऐकावं. ती एक ओळ म्हणणार, मागून सगळी मुलं एका सुरात म्हणणार, असं खणखणीत वाचन की व्हरांड्यातला माणूस थांबून ऐकेल. टॅब आल्यावर मला वाटलं होतं, ही कटकट करेल. पण नाही. “दे तुझी पाटी,” म्हणाली, “मुलं माझी हुशार आहेत, कशावरही वाचतील.”

संचालक सरांनी हिरवे ठिपके बघितले आणि ठरवून टाकलं की, ताईचा वर्ग हाच आदर्श वर्ग. तीन आठवड्यांनी नऊही शाळांचे मुख्याध्यापक तो बघायला येणार. मला कोण आनंद झाला! माझं काम आणि माझीच ताई, दोन्ही एकदम मिरवणार. तयारी म्हणून मी त्या वर्गाची सगळी आकडेवारी उघडून बसले, आणि तिथे मला खटकलं.

सतरा नंबर आणि अठरा नंबर. दोघींची उत्तरं सारखी. चुकाही सारख्या. बरं, कॉपी म्हणावी तर दोघी एका वेळी कधीच काम करत नव्हत्या. सतरा नंबर धडा संपवायचा, तो संपला की अठरा सुरू व्हायचा. रोज. म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या वर्गात हजर. सतरा नंबर म्हणजे एक उंच, वटवट करणारी मुलगी. तिला सगळे वकीलबाई म्हणतात, कारण भांडण कुणाचंही असो, बाजू ही मांडणार. तिच्या शेजारी अठरा नंबर, इवलीशी, मान खाली घातलेली. तिला म्हणतात चिमणी. मी दारावरच्या नियमाकडे बोट दाखवलं आणि चिमणीला उचलून पार पलीकडच्या बाकावर बसवलं. वकीलबाईचा चेहरा पडला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

“हं, उघड टॅब. नदीचा धडा वाच.”

चिमणी उभी राहिली. टॅब दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागली. काय गोड वाचत होती! कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं अगदी ताईसारखं. नदी डोंगरातून निघाली, रानातून वळली, गावाशी आली. मी खूश होऊन जवळ गेले, कौतुकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि टॅबमध्ये डोकावले.

पडद्यावर नदी नव्हती. धडाच नव्हता. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती: नवीन आवृत्ती उतरवत आहे, कृपया थांबा.

आणि चिमणी त्या ओळीवरून डोळे फिरवत नदी समुद्राला नेऊन मिळवत होती.

ताई मागे उभी होती, तिनेही बघितलं. मी चिमणीला म्हटलं, “बस बाळा, छान,” आणि वकीलबाईला व्हरांड्यात बोलावलं. ताई आमच्या मागून आली.

“ती कॉपी नाही करत,” वकीलबाई मी विचारायच्या आधीच म्हणाली. “मीच करते दोघींचं. तिला अक्षरं येत नाहीत. पहिलीपासून मीच तिच्या कानात सांगते. सगळे एकदम म्हणतात तेव्हा ती ऐकून म्हणते. एकदा ऐकलं की तिचं पाठच होतं.”

“अगं, मग बाईंना का नाही सांगितलंस?”

“बाईंनी कधी एकेकटीला वाचायलाच सांगितलं नाही.” मग ती माझ्याकडे वळली, कमरेवर हात ठेवून. “आणि तुम्ही आता नियम केलात ना. एकमेकींच्यात बघायचं नाही. मग मी कानात कसं सांगू? म्हणून मधल्या सुट्टीत आधी माझा सोडवते, मग तिचा सोडवते. डब्बल काम पडतं मला.”

दहा वर्षांची पोरगी, आणि आम्हा दोघींना उभं आडवं घेतलं तिने.

सुट्टी झाल्यावर ताई रिकाम्या वर्गात बसून राहिली. मी समोरच्या बाकावर. मग ती उसळली. “मिळालं समाधान? चौतीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं. तुझ्या यंत्राने एका सकाळीत माझी अब्रू काढली.”

माझ्या नाकावर राग असतोच. “यंत्राने काढली? अगं, यंत्राने तर तिला हिरवा ठिपका दिलाय! त्याला तुझ्यापेक्षा जास्त काही कळलं नाही. तू कोरसमध्ये फसलीस, मी ठिपक्यात फसले. शहाणी एकच, ती वकीलबाई.”

हे ऐकून ताईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “पुढच्या वर्षी ही मोठ्या शाळेत जाणार गं,” ती म्हणाली. “वकीलबाईच्या घरचे दुसरीकडे राहायला चाललेत. ही तिथे एकटी काय करेल? एक महिनाभर लपवेल. मग ‘ढ’ म्हणतील. मग शाळा सोडेल.”

मला लगेच उपाय सुचला, मला उपाय फार लवकर सुचतात. म्हटलं, तिच्या टॅबचा आवाज चालू करून देते, टॅब तिला वाचून दाखवेल. ताईने माझ्याकडे असं बघितलं, लहानपणी मी दूध सांडल्यावर बघायची तसं.

“म्हणजे वकीलबाईच्या जागी टॅब कानात सांगणार. आणि ही वाचणार कधी?”

ती बरोबर होती.

संध्याकाळी मी संचालक सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. ठिपका हिरवा आहे ना? राहू दे. कार्यक्रम होऊन जाऊ दे, त्या मुलीला मागच्या बाकावर बसवा, नंतर बघू.” तेव्हा मी “बरं” म्हणाले. खोटं कशाला सांगू? ताईचं शेवटचं वर्ष. वर्गाचं कौतुक होणार होतं, हार-भाषण होणार होतं. ते माझ्याच हातानं कसं मोडायचं? वाटलं, नंतर बघू म्हणतात ते काही अगदीच चूक नाही.

तीन दिवसांनी ताईच माझ्या ऑफिसात आली. पहिल्यांदाच. पर्स टेबलावर ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“तीन दिवस एकेकाला वाचायला लावलं,” ती म्हणाली. “कोरस बंद. न शिकवलेली पानं दिली. चिमणी एकटी नाही. पाच जण आहेत. बाकीचे चौघे चित्रं बघून अंदाजाने उत्तरं दाबतात. लिही, मी नंबर सांगते.”

“ताई, अगं पण कार्यक्रम...”

“लिही म्हणते ना.”

मी पाच हिरवे ठिपके पुसून पाच लाल केले. तिने वाकून खात्री करून घेतली. “आणि वर्गशिक्षिका म्हणून माझं पूर्ण नाव टाक. नुसती आद्याक्षरं टाकू नकोस.” मग पर्स उचलून दाराशी गेली आणि तिथून वळली. “तूही बावीस वर्षं कोरसच घेत होतीस ना गं? तुझ्या वर्गात किती होते?”

नऊ शाळांना उत्तरं देणारी मी. मला माझ्या वर्गातला एकही चेहरा आठवेना, आणि रात्र होईपर्यंत मी दुसरं काही काम करू शकले नाही.

त्यानंतरचे अडीच आठवडे आम्ही दोघी रोज शाळेआधी तासभर त्या पाच मुलांना घेऊन बसलो. टॅबचा आवाज बंदच ठेवला, पण पडद्यावर एकच अक्षर, तळहाताएवढं. त्यावरून बोट फिरवायचं. चिमणीला अक्षरापेक्षा भीती मोठी होती. चार दिवस ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची, ओठ हलले की ओळखायची. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून बसले.

“ह्याच्यात चुकलं तर कुणाला दिसतं?” तिने एकदा विचारलं.

“कुणालाच नाही. तुझा टॅब आहे. हवं तितकं चूक.”

हे तिला पटलं. त्या दिवशी तिने एकटीने कोपऱ्यात बसून ‘क’ पन्नास वेळा तरी गिरवला. नियम मी केला होता खरा, पण तो कशासाठी बरा आहे हे मला तेव्हा कळलं. वकीलबाई हट्टाने रोज यायची. तिला काम एकच होतं, गप्प बसायचं. बिचारीला घाम फुटायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी वर्गात मागे नऊ मुख्याध्यापक ओळीने बसले. संचालक सरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अहवाल लावला, आणि पाच लाल ठिपके बघून त्यांचा चेहरा आंबट झाला. माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. मी छताकडे बघितलं.

“अठरा नंबर कोण?” त्यांनी विचारलं.

चिमणी उभी राहिली. सरांनी स्वतः तिच्या टॅबवर पुढचा, न शिकवलेला धडा उघडला. माणूस वाईट नाही, पण रागावले होते. “वाच पहिली ओळ.”

ओळ होती: मामाने खडू उचलला. चिमणीने माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं, डोळे बाहेर यायचे बाकी. मग चिमणीने बोट पडद्यावर ठेवलं.

“मा... मा... ने.” बोट सरकलं. थांबलं. “र... व... डू. रवडू.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. “रवडू?” सर म्हणाले. “रवडू म्हणजे काय?”

“सर!” ताई ओरडलीच. माझी ताई कधी ओरडत नाही. “सर, तिने ‘ख’चे दोन तुकडे केले. ‘र’ आणि ‘व’. तिने वाचलं! रवडू हा शब्द जगात नाहीच, तो कुणी पाठ करूच शकत नाही. तिने बघून वाचलं!” आणि नऊ मुख्याध्यापकांसमोर ती खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागली.

सरांनी एकदा टॅबकडे बघितलं, एकदा ताईकडे, मग जरा ओशाळून खाली वाकले आणि चिमणीला हळूच सांगायला लागले, “बाळ, ते अक्षर असं आहे बघ...”

चिमणीने पडद्यावर हात आडवा धरला. बोट परत पहिल्या अक्षरावर नेलं.

“थांबा,” ती म्हणाली. “कुणी सांगू नका.”