लाल रेषेच्या वर

"लाल होऊ देऊ नका, बाबा. हिरवं चालेल, पिवळं चालेल, पण लाल नाही," लेक संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस," लिफ्टवाले म्हणाले. "तुझा जन्म झाला त्या संध्याकाळीही मी तबकड्याच वाजवत होतो."

"म्हणूनच दवाखान्यात मी एकटी होते," स्वयंपाकघरातून त्यांची बायको म्हणाली.

ते टेबलाकडे वळले. टेबलावर गाण्यांच्या तबकड्या फिरवणारी दोन टर्नटेबले होती आणि मध्ये दोन्हींचा आवाज एकमेकांत मिसळणारा मिक्सर होता. प्रत्येक टर्नटेबलाखाली एक फरशी आणि फरशीखाली रबराचे चार तुकडे ठेवलेले होते; कंपन कुठून शिरते आणि कसे अडवायचे हे ज्याने चौतीस वर्षे इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त केल्या त्याला सांगावे लागत नाही. नवी होती ती फक्त मिक्सरमागची तळहाताएवढी काळी डबी, जी आवाजाचे आकडे करून संगणकाला देत असे. डबी लेकीने आणली होती. ती एका रुग्णालयात लोकांचे कान तपासण्याचे काम करते.

"मशीन ऐकतंय ते तुम्हाला ऐकू येणार नाही," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. "तुम्हाला मिक्सरचं ऐकू येईल. म्हणून पडद्याकडे बघायचं. दुपारी येते मी."

"जा, जा. लोक बहिरे होतायत तिकडे."

लिफ्टा हा त्यांचा चरितार्थ होता. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ते स्केटिंग रिंकच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत उभे राहून तबकड्या वाजवत, आणि आपण खरे कोण आहोत याबद्दलचे त्यांचे मत त्या खोलीत बनले होते. एका कानाला हेडफोन लावून पुढची तबकडी ऐकायची, तिचा वेग चालू तबकडीशी जुळवायचा, बोटाच्या टोकाने तिची कड अडवून धरायची आणि नेमक्या ठोक्यावर सोडायची. दुसरे गाणे केव्हा सुरू झाले हे चाकांवरच्या माणसाला कळता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. "गाणं थांबलं की माणूस पडतो," असे ते म्हणत, आणि सत्तावीस वर्षांत आपल्या संध्याकाळी आपल्यामुळे कोणी पडलेले नाही, हे सांगताना त्यांचा आवाज चढत असे.

आता त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होत चालली होती. मनगटातली नस दबली होती आणि सोमवारी शस्त्रक्रिया होती. "फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले होते. "दुखणं जाईल. स्पर्श परत येईलच असं मी सांगणार नाही." घरी येईपर्यंत लिफ्टवाले डॉक्टरांवर चिडलेले होते, कारण उशीर त्यांनी स्वतः केला होता आणि ते डॉक्टरांना ठाऊक होते.

त्यातच शुक्रवारी रिंकच्या व्यवस्थापकाचा फोन आला. पुढचा रविवार रिंकचा शेवटचा दिवस. नंतर इमारत पाडणार होते.

"काका, तुम्ही हाताला जपा. मी दीडशे गाणी टाकलीत संगणकात. ते आपोआप एकाला एक जोडतं. वर तुमचं नाव जाहीर करू ना आपण."

"माझं नाव कशाला?"

"मानाने, काका!"

"बागेतल्या बाकड्यावर मेलेल्या माणसाचं नाव घालतात मानाने. मी अजून जेवतोय."

"बरं, मग तुम्ही घरून एक तास रेकॉर्ड करून पाठवा. तोच लावू."

त्यांच्याकडे त्या सत्तावीस वर्षांचे काहीच शिल्लक नव्हते. पूर्वी ते प्रत्येक संध्याकाळ कॅसेटवर उतरवून घेत, पण त्या कॅसेटींची खोकी रिंकच्या तळघरात होती आणि एके वर्षी तिथे नळ फुटला. या हाताने काय केले याचा पुरावा व्हायला हा एकच तास होता आणि तो सोमवारच्या आधी व्हायला हवा होता. आज शनिवार होता.

"चालताना पाय आपटू नकोस," त्यांनी बायकोला बजावले. "सुई उडते. आणि भांड्यांचा आवाज नको."

"अहो, लेक म्हणाली सगळं वायरीतून जातं. मग माझं पातेलं कसं जाईल त्यात?"

"पातेलं जात नाही. माझं लक्ष जातं."

"लक्ष काय, ते नेहमीच गेलेलं असतं," असे म्हणून तिने दार लोटून घेतले आणि नंतर तासभर ती अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने वावरली.

पहिली अकरा मिनिटे ते सावध होते. मग बोटे ऐकू लागली. तिसऱ्या तबकडीवर अंगठ्याला कड जाणवेना, तेव्हा त्यांनी डावा हात उजव्यावरून पलीकडे नेला आणि तबकडी डाव्या हाताने सोडली. हे त्यांनी आयुष्यात पूर्वी केले नव्हते, आणि ठोका ठोक्यावर बसला. त्यांना व्यवस्थापकाचा तो गोड आवाज आठवला. आपोआप जोडतं म्हणे! त्या संतापात त्यांनी आवाजाची कळ थोडी वर नेली. नंतर आणखी थोडी. पडद्यावरच्या आवाज मोजणाऱ्या दोन पट्ट्या लालात जाऊन आदळू लागल्या आणि त्यांनी त्या पाहिल्या. पाहून त्यांना बरेच वाटले. कॅसेटच्या यंत्रावर काटा लालात उसळल्याखेरीज आवाजाला अंग येत नाही, हे ज्ञान त्यांनी स्वतःच्या कानांनी कमावले होते, आणि कमावलेल्या ज्ञानावर शंका घेण्याची त्यांना सवय नव्हती. अठ्ठावन्न मिनिटांनी शेवटची सुई उचलली गेली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. सत्तावीस वर्षांतला हा त्यांचा सर्वांत चांगला तास होता. याविषयी त्यांनी कोणाशीही वाद घातला असता.

मग त्यांनी तो ऐकला.

प्रत्येक मोठ्या ठोक्याबरोबर कापड टरकावल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी सुई बदलली, वायर बदलली, काळी डबी हलवून पाहिली. रेकॉर्डिंग पुन्हा लावले. तेच. दुपारी लेक आली तेव्हा त्यांनी तिला चपलाही काढू दिल्या नाहीत.

"तुझी डबी खराब आहे."

ती पडद्यासमोर बसली. आवाजाच्या लाटा तिथे डोंगररांगेसारख्या उमटलेल्या होत्या. अकरा मिनिटांनंतरच्या डोंगरांची शिखरे मात्र करवतीने कापावीत तशी एका रेषेत सपाट होती.

"बाबा, हे लालात गेलंय."

"गेलं तर गेलं! आता आवाज खाली कर ना."

"खाली केला तर कापलेलंच खाली येईल. या रेषेच्या वर जे होतं ते मशीनने घेतलंच नाही. ते कुठेच नाहीये, बाबा."

"कॅसेटवर—"

"कॅसेट सांभाळून घेते. हे नाही घेत."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

दाराशी उभ्या असलेल्या बायकोने ओला हात पदराला पुसला.

"सांगितलं होतं तिने. मी आतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, शिकवू नकोस."

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. फरशी आणि रबर यांनी आपले काम चोख केले. तबकडीवरची सुई जागची हलली नाही. त्यांना दोष द्यायला कोणीतरी हवे होते. डबी निर्दोष होती, लेक निर्दोष होती, आणि व्यवस्थापक कितीही गुळमुळीत असला तरी त्या कळीवर त्याचा हात नव्हता.

"एक उपाय आहे," लेक हळूच म्हणाली. "एक प्रोग्राम असतो. तो कापलेली टोकं भरून काढतो. पुष्कळ बरं वाटेल ऐकायला."

"कशाने भरतो?"

"आजूबाजूचं बघून अंदाज बांधतो."

"माझ्या तासात यंत्राचा अंदाज? मग त्या गुळाच्या गणपतीने दीडशे गाणी लावली ती काय वाईट?"

"तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही कोणाचंच ऐकत नाही. कान उत्तम आहेत तुमचे, मी स्वतः तपासलेत." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

रविवारी सकाळी त्यांनी कळ खाली ठेवून पुन्हा सुरुवात केली. आदल्या दिवशीच्या तासाने हात सुजला होता. दुसऱ्या तबकडीवर बोटांना कड कळली नाही, हात घसरला आणि सुई खरवडत तबकडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. आतल्या खोलीत बायकोच्या हातातले काम थांबले. ती बाहेर आली नाही. तबकडी त्यांनी पाकिटात घातली, दोन्ही यंत्रांवर झाकणे बसवली आणि मग लेकीला हाक मारली.

"पहिली अकरा मिनिटं चांगली आहेत?"

"अगदी स्वच्छ."

"तेवढीच ठेव. शेवट हळूहळू विझवायचा नाही. जिथे मी कळ वर नेली तिथे तोड."

"मध्येच? गाण्याच्या मध्ये?"

"तिथेच." मग ते म्हणाले, "तू बरोबर होतीस." हे त्यांनी इतक्या रागाने म्हटले, की ते कबूल करणे आहे हे समजायला लेकीला एक क्षण लागला.

व्यवस्थापकाला त्यांनी फोनवर सांगितले, "अकरा मिनिटं पाठवतोय. तेवढ्यालाच माझं नाव. पुढचं तुझं, तुझ्या नावाने लाव."

"काका, तास ठरला होता. अकरा मिनिटांत काय होणार?"

"नको असेल तर लावू नकोस."

पुढच्या रविवारी ते रिंकच्या कठड्याशी उभे राहिले. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला लेक. काचेच्या खोलीत कोणी नव्हते. टेबलावर एक संगणक उघडा होता. नाव जाहीर झाले, चुकीच्या आडनावाने, आणि त्यांनी जागच्या जागी व्यवस्थापकाला एक शिवी दिली.

"अहो, लोक आहेत," बायको म्हणाली.

मग त्यांचा ठोका सुरू झाला. शंभरएक माणसे त्यावर गोल फिरू लागली. तरुण, पन्नाशीतली, हात धरलेली, एकेकटी. पहिल्या गाण्यातून दुसरे निघाले आणि एकाचेही पाऊल चुकले नाही. लिफ्टवाल्यांची पट्टीतली बोटे कठड्यावर होती. ती हलत होती की नाही, ते त्यांना जाणवत नव्हते.

अकरावे मिनिट संपले आणि आवाज तुटला.

व्यवस्थापक धावत काचेच्या खोलीकडे निघाला. त्याला तिथे पोचायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ रिंकमध्ये गाणे नव्हते. लिफ्टवाल्यांनी कठडा धरला आणि ते कोणीतरी पडण्याची वाट पाहू लागले. कोणी पडले नाही. लाकडी जमिनीवर शंभर माणसांची चाके त्याच वेगाने, त्याच ठोक्यावर घरघरत राहिली.