राजापेठेतला शार्कचा जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. शार्क माशाचा. अमरावतीच्या राजापेठेत खुशालराव नावाच्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनवाल्याचा बंगला आहे. त्याच्या व्हरांड्यात एका सागवानी फळीवर मला ठोकलेलं आहे. समुद्र इथून इतका लांब की इथल्या बऱ्याच लोकांनी तो फक्त कॅलेंडरावर पाहिलेला असतो. तरी लोक मला बघायला येतात, हात जोडतात, कुंकू लावतात. मी देव नाही. लोकांनी मला देव कसा केला ते सांगतो. ऐकताना राग आला तर गिळू नका.

माझी पहिली मालकीण दक्षिणेकडच्या समुद्रात राहायची. तुतिकोरीनच्या बंदरापासून पुष्कळ दूर, जिथे निळं पाणी काळं होतं तिथे. बैलगाडीहून लांब अशी ती मादी होती आणि मी तिच्या तोंडात होतो. माझा एक दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकायचा, त्यामुळे म्हातारपण आम्हाला ठाऊक नव्हतं. हे दात सगळे आतल्या बाजूला झुकलेले आहेत. आत जाणाऱ्याला ते वाट देतात आणि घाईनं बाहेर येणाऱ्याला फाडतात. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. आम्ही मासे खाल्ले, कासवं खाल्ली, मेलेलंही खाल्लं. माणूस मात्र कधी चाखला नाही. माणसं आमच्या गावी येतच नसत.

मग माणसं आली. खुशालराव दर साली आपल्या रुईच्या गाठी तुतिकोरीनच्या एका गिरणीमालकाला विकत असे. सत्तावन्न साली भाव चांगला आला आणि गिरणीमालकानं पाहुणचार म्हणून त्याला शार्कच्या शिकारीला नेलं. पोटासाठी मासे धरणारे कोळी आम्ही पाहिले होते, त्यांच्याशी आमचं वैर नव्हतं. ही मंडळी मजेसाठी आली होती. लाँचवर पट्ट्यांची खुर्ची होती, परदेशी गळकाठी होती आणि जनावरांच्या रक्तानं भरलेली घमेली होती. ते रक्त त्यांनी पाण्यात ओतलं. रक्ताचा वास आला की आमच्या जातीला राहवत नाही, हे त्यांना माहीत होतं. माझ्या मालकिणीनं आमिष गिळलं आणि पंजाएवढा गळ माझ्या कोपऱ्यातून आरपार गेला. ते भोक अजून आहे. हल्ली त्यात उदबत्ती खोचतात.

खुशालरावाचे हात थोड्याच वेळात सोलले. मग दोन खलाशांनी काठी धरली आणि तो खुर्चीत बसून लिंबूपाणी पीत ओरडत राहिला, "ओढा रे! सोडू नोका तिले!" खलाशांनी तिला सकाळीच वर घेतलं असतं. पण गिरणीमालक म्हणाला, इतक्यात मारलं तर मजा काय? म्हणून दोर सैल सोडायचा, ती पळाली की पुन्हा ओढायचा, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी आकड्यांनी तिला बाजूला खेचून सोट्यांनी तिचं डोकं फोडलं.

धक्क्यावर तिला शेपटीनं उलटं टांगलं. फोटोच्या वेळी गळकाठी खुशालरावाच्या हातात आली. शार्कच्या पोटात बुडालेल्या बायकांचं सोनं निघतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पोट चिरलं. सोनं निघालं नाही, पिल्लं निघाली. जिवंत होती. तापलेल्या दगडांवर ती तडफडत होती आणि खुशालराव पोट धरून हसत होता. "पाय ना बाप्पा, किती निंगून राह्यले!" एक पिल्लू कुत्र्यानं नेलं. बाकीच्यांना पाण्यात ढकलायला एक पाऊल पुरलं असतं, पण ते कुणी उचललं नाही. मला कुऱ्हाडीनं वेगळं केलं, उकळलं, खरवडलं, आणि मी उघडा राहावं म्हणून मधे लाकडाची एक खुंटी अडकवून वाळवलं. बडनेऱ्याला गाडी बदलून मी अमरावतीत आलो.

खुशालरावाच्या बायकोनं, सुंदराबाईनं, मला पाहताच नाकाला पदर लावला. "हे मढं माह्या घरात नाई पायजे," ती म्हणाली. म्हणून मी व्हरांड्यात राहिलो. घरातलं कुणी मला शिवत नसे. अंगण झाडणाऱ्या पंचफुलालाही कुणी शिवत नसे. तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला होता, पण बंगल्यातल्यांच्या लेखी ती होती तिथेच होती. मग मला पुसायचं काम तिच्याकडे आलं. न शिवण्याच्या दोन वस्तू त्यांनी एकमेकींकडे सोपवल्या, झालं!

पंचफुलाचा नवरा मोतीराम खुशालरावाच्याच जिनात हमाल होता. पहिल्या दिवशी ओल्या फडक्यानं माझे दात पुसताना तिनं विचारलं, "तुले काहून मारलं रे बाप्पा? तू त्यायचं काय खाल्लं होतं?" हा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. मला ती फार आवडायची, मित्रांनो. वस्तीतल्या विहारात बाया अक्षरं शिकत, त्यात तीही जाई. माझ्या फळीवरची धूळ पुसण्याआधी ती बोटानं तिच्यावर आपलं नाव लिही. 'फु' तिला जमायचा नाही. ती त्याच्यावर चिडायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मृग लागला की तिच्या लेकीचं, शालूचं, नाव शाळेत घालायचं होतं. "मास्तरसमोर सही करीन," ती मला सांगे. "अंगठा नाई देणार मी." वेचणीला कपाशीत झरझर चालणारा तिचा उजवा हात त्या 'फु'पाशी अडखळला की मलाच घाम फुटे.

इकडे खुशालरावाच्या गप्पांना पाय फुटले होते. शार्क त्यानं एकट्यानं ओढली. मग तिच्या पोटात माणसाची कवटी निघाली. मग, हा जबडा लबाड माणूस वळखते. पाहुण्यांची पोरं माझ्यात हात घालत, खिदळत, हळूच बाहेर काढत आणि बक्षीस म्हणून पेपरमिंट खात. तेव्हा ते सगळं गमतीत चालायचं.

वैशाखात सुंदराबाईची गळ्यातली सोन्याची एकदाणी हरवली. घर धुंडाळलं, सापडली नाही. घरातल्या माणसांवर संशय घ्यायचा नाही असं ठरलं की उरतं कोण? भर दुपारी पंचफुलाला व्हरांड्यात उभं केलं. खुशालराव होता, सुंदराबाई होती, तिचा भाऊ चंद्रभान होता आणि तमाशा पाहायला आळीतली माणसं होती.

"घेतली असन तर देऊन टाक," खुशालराव म्हणाला. "नाई तर मोतीराम उद्यापासून जिनात दिसनार नाई."

"म्या पायली बी नाई, मालक."

चंद्रभान हसला. "भाऊजी, जबडा कायले टांगला मंग? घालू द्या हात. खरी असन तर काय होते तिले?"

पंचफुलानं माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली. "आमी असं काई मानत नाई आता. हे हाडकं हायेत. मीच पुसतो रोज. हाडकं काय खरंखोटं सांगतीन?" असं म्हणून तिनं उजवा हात सरळ माझ्यात घातला. तिला अजिबात भीती नव्हती. तिचंच म्हणणं खरं होतं.

पण वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारत, तेव्हा मी फुगायचो. दुपारी पडदे कोरडे पडून झळा लागल्या की आत ओढला जायचो. माझ्यातली खुंटी केव्हाची तडकली होती. पंचफुलाला खुंटी बदलायचा अधिकार नव्हता आणि ज्याला होता त्यानं आणल्या दिवसापासून मला निरखून पाहिलं नव्हतं. त्या क्षणी ती खुंटी कट्‌कन मोडली. मी बोटभर मिटलो. पंचफुला दचकली आणि तिनं हात मागे ओढला.

माझे दात आत झुकलेले आहेत, हे तुम्हाला सांगितलंच आहे.

तिचा तळवा आणि बोटं फाटली. एक दात मोडून तिच्या मांसात राहिला. "पाणी," ती म्हणाली. पाणी आणायला कुणी हललं नाही. चंद्रभान ओरडला, "बोलला! जबडा बोलला!" आणि त्या सगळ्यांनी मला, मला, हात जोडले. समुद्रात रक्त ओतलं तेव्हाही माणसांचे चेहरे असेच उजळले होते.

मोतीराम जिनातून धावत आला. धोतराचा सोगा फाडून त्यानं तिचा हात बांधला आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. त्याचं काम त्याच दिवशी सुटलं. पंचफुलाची बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. एकदाणी काही मिळाली नाही, पण चोर मिळाला म्हणून घर समाधानानं जेवलं. लोक नारळ घेऊन येऊ लागले. दर्यापूर, बार्शीटाकळीकडून माणसं संशयितांना दंडाला धरून माझ्यासमोर आणू लागली. खुशालरावानं माझ्यात लोखंडी सळई बसवून घेतली. मी आता मिटू शकत नव्हतो, पण घाबरलेला माणूस हात झटकतोच. झटकला की रक्त, आणि रक्त आलं की चोर. ज्यांना रक्त आलं त्यांची तोंडं मला आठवतात. त्यांतलं खरं कोण आणि खोटं कोण, हे मला आजही माहीत नाही. मी जबडा आहे, मला काय कळणार?

दसऱ्याआधी गाद्या पिंजायला काढल्या. पिंजाऱ्यानं सुंदराबाईची गादी उसवली आणि कापसातून एकदाणी अंगणात पडली. शिवणीतून तिनं स्वतःच आत लपवली होती आणि विसरली होती. सुंदराबाईनं ती उचलून मुठीत धरली. "तिले सांगा लागन," ती पुटपुटली. खुशालराव दबक्या आवाजात म्हणाला, "गप राय. लोकं नारळ घेऊन येऊन राह्यले, अन् तू माह्या तोंडाले काळं फासतं?" पिंजाऱ्याला नवं धोतर देऊन गप्प राहायला सांगितलं. पण पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात आणि पिंजाऱ्याचं तोंड, दोन्ही कामावर असताना गप्प बसत नाहीत.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटायला बंगल्यात गर्दी होती. पंचफुला आली. धम्माचा दिवस म्हणून पांढरं लुगडं नेसलेली, बरोबर मोतीराम आणि शालू. ती पायरी चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मालक, एकदाणी गादीत सापडली म्हनतेत. सापडली नसन तर हात घाला जबड्यात. अन् म्हना, सापडली नाई."

माझ्यात लोखंडी सळई आहे हे खुशालरावाला माहीत होतं, त्यानंच बसवली होती. पाहुण्यांच्या पोरांनी घातला तसा हात हळूच घालून हळूच काढता आला असता. त्याचा हात वर आला, माझ्यापर्यंत आला, आणि कोटाच्या खिशात गेला.

"हाकला रे यायले," तो म्हणाला.

पंचफुलानं पदराची गाठ सोडली. दवाखान्यात काढलेला माझा दात त्यात होता. "शालूच्या शाळेत अंगठा देला म्या," ती म्हणाली आणि तो दात डाव्या हातात धरून माझ्या फळीवर नाव कोरू लागली. 'पंच' झालं. चौकीदारानं तिला ओढलं. 'फु' राहिला. शालू रडत होती. गर्दीतल्या सगळ्यांना सगळं कळलं होतं, मित्रांनो. एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. बाकीच्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग माझ्यासमोर नारळ फोडला. त्या दोन अक्षरांवर खुशालरावानं शेंदूर थापला. अजून तो तिथेच आहे.

जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. मला फळीवरून काढा आणि खोल पुरा. त्याआधी तेवढा शेंदूर खरवडा, म्हणजे मला पुसणाऱ्या बाईचं अर्धं नाव तरी उजेडात येईल. जिवंतपणी मी माणसाला कधी चावलो नाही. मेल्यावर मला चावायला लावलं, तेही जिनं माझी विचारपूस केली तिलाच.

आणि पुढे कुणी तुम्हाला म्हणालं, 'खरा असशील तर घाल हात,' तर आधी त्यालाच हात घालायला सांगा. तो घालणार नाही. मी पाहिलेलं आहे.